मागच्या डिफमधलं तेल

१२ जानेवारी

प्रिय टिल्लू,

पाकिटावरचं अक्षर ओळखून तू हे पत्र बाजूला ठेवलं असशील, तर चार दिवसांनी उघड, पण उघड. फोनवर माझा आवाज ऐकला की तू "बाबांना दे" म्हणतेस. पत्राला तसं म्हणता येत नाही, म्हणून मी हा मार्ग शोधून काढलाय. तसंही माझं फोनवरचं बोलणं म्हणजे कारखान्याचा भोंगा, असं तुझ्या बाबांचं मत आहे.

इथे सगळं ठीक. बाबांना बसचा नवा मार्ग मिळालाय, त्यात चौदा वळणं आणि एक पूल. घरात खराखुरा वाहन परवाना असलेला माणूस मी एकटाच, हे ते अजून येणाऱ्या-जाणाऱ्याला ऐकवतात. तू एकदा बंदरावरच्या त्या तीस मीटर उंच क्रेनमध्ये बसलीस की त्यांचं तोंड बंद होईल, म्हणून मी वाट बघून आहे.

मी गेल्या महिन्यात निवृत्त झाले. बत्तीस वर्षं रंग गाळला. बुडाला भोक असलेल्या कपात रंग ओतायचा, घड्याळ लावायचं, किती सेकंदांत गळतो त्यावरून तो किती घट्ट ते लिहायचं. निरोपाच्या दिवशी प्रयोगशाळेतल्या लोकांनी मला तो कपच भेट दिला. आता मी घरात दिसेल ते मोजते. मध, शाम्पू, बाबांचं खोकल्याचं औषध. ताटातलं काही मोजलंस तर मी बाहेर जेवेन, अशी धमकी मिळाली आहे.

मुद्द्याचं म्हणजे, क्लबचे सेक्रेटरी घरी आले होते. ट्रॅकवर म्हणे बरेच नवे लोक येतात. रिमोटच्या गाड्या पळवणारे खंडीभर आहेत, पण डिफमध्ये तेल नीट भरणारं एक माणूस नाही. तुम्ही दर रविवारी येऊन शिकवा म्हणाले. मी हो म्हटलं. नऊ वर्षांत मी त्या ट्रॅकवर पाऊल टाकलेलं नाही, आणि तूही नाहीस. तुझं काही म्हणणं असेल तर बाबांकडे निरोप ठेव.

बंदरावर वारं फार असतं म्हणतात. कान झाकत जा.

तुझी आई

३० जानेवारी

प्रिय टिल्लू,

तुझा निरोप आला नाही, म्हणजे हरकत नाही असं मी धरलं. तू लहान असतानाही मी असंच धरायचे आणि निम्म्या वेळा चुकायचे.

वर्गात पाच जण आहेत. एक दातांची डॉक्टर, एक न्हावी, निवृत्तीनंतर बायकोने घराबाहेर पिटाळलेले एक गृहस्थ आणि दोघी जुळ्या बहिणी. त्या एकमेकींशी बोलत नाहीत, पण गाडी दोघींत एकच आहे. काही सांगायचं झालं तर एकमेकींना माझ्यामार्फत सांगतात.

पहिल्याच दिवशी त्यांनी विचारलं, या एवढ्याशा डब्यात असं काय आहे? मी तुला सातव्या वर्षी जसं सांगितलं होतं तसंच सांगितलं. गाडी वळते तेव्हा बाहेरच्या चाकाला जास्त फिरावं लागतं, आतल्याला कमी. दोघांना आपापल्या गतीने फिरू देणारा गिअरचा डबा म्हणजे डिफ. आपल्या गाडीत असे तीन असतात, पुढे, मधे आणि मागे. आत सिलिकॉनचं तेल. पातळ तेल भरलं की दोन्ही चाकं मोकळी, घट्ट भरलं की ती एकमेकांना बांधल्यासारखी फिरतात. मागे फार घट्ट भरून सुट्या मातीवर गाडी सोडली, तर वळणातून बाहेर पडताना जोर दिला की मागची बाजू निसटते आणि गाडी जागच्या जागी गिरकी घेते. एवढं सांगताना माझा घसा कोरडा पडला. सेक्रेटरींनी पाणी आणून दिलं.

न्हाव्याने डबा काठोकाठ भरला. त्याला म्हटलं, भाऊ, तेल तापलं की फुगतं, मग सगळं रबराच्या कड्यांतून बाहेर येईल. आतल्या आडव्या दांड्या जेमतेम बुडतील एवढंच घाला आणि झाकण लावायची घाई करू नका, आधी बुडबुडे वर येऊ द्या. डॉक्टरीणबाई सगळ्यांत बऱ्या. त्यांचा हात हलत नाही. तुझ्यानंतर इतका स्थिर हात मी पाहिला नव्हता.

शेवटी मी आपला नियम सांगितला. चालवणाऱ्याने गाडी कशी वाटते ते बोलायचं, भरणाऱ्याने त्यावरून तेल ठरवायचं, पण काय भरलं ते चालवणाऱ्याला सांगितल्याशिवाय गाडी ट्रॅकवर जाता कामा नये. आणि डब्यावर मार्करने आकडा लिहायचाच. उदाहरण म्हणून फळ्यावर सात, सात, तीन लिहून गेले. पुढे सात हजार, मधे सात हजार, मागे तीन. आकडा जितका मोठा तितकं तेल घट्ट. लिहिल्यावर लक्षात आलं की हे आपलेच आकडे.

तेव्हा जुळ्यांपैकी थोरली म्हणाली, मॅडम, तुम्ही कधी न सांगता बदललंय? मी म्हटलं, "कधीच नाही." आणि पुढच्या टेबलाकडे वळले.

बाकी सगळं ठीक.

आई

६ फेब्रुवारी

प्रिय टिल्लू,

काल तुझ्याशी बोलून बाबांनी फोन ठेवला आणि बराच वेळ चष्मा पुसत बसले. मग सांगितलं. मोठ्या क्रेनच्या परीक्षेतून तू नाव मागे घेतलंस, तेही तिसऱ्यांदा. महिनाअखेरपर्यंत पुन्हा नाव दिलं नाहीस तर यापुढे कायम यार्डातली छोटी क्रेन, असं तुमच्या पर्यवेक्षकांनी स्पष्ट सांगितलंय. बाबांनी कारण विचारलं तर तू म्हणालीस, "शेवटच्या क्षणी माझे हात जातात. आईला विचारा, तिला पहिल्यापासून माहीत आहे."

परीक्षा दे. तू हुशार आहेस. घाबरू नकोस, सगळेच घाबरतात.

आई

९ फेब्रुवारी

टिल्लू,

सहा तारखेचं पत्र फाडून टाक. असलं पत्र कुणीही कुणालाही लिहिलं असतं. पेटीत टाकून घरी आले आणि दोन दिवस मला अन्न गोड लागलं नाही. आता खरं लिहिते. बसून वाच.

नऊ वर्षांपूर्वीच्या त्या शर्यतीच्या दिवशी सकाळी ट्रॅकवर पाणी मारलं होतं. माती दाबलेली होती, पकड छान होती. तू उपान्त्य फेरीत दुसरी आलीस, मचाणावरून खाली उतरलीस आणि म्हणालीस, आई, गाडी अगदी हातात बसलीय, काही करू नकोस. मी बरं म्हटलं. तू बाबांबरोबर खायला गेलीस.

मी मात्र कठड्याला टेकून त्या पहिल्या आलेल्या मुलाची सरावाला पळणारी गाडी बघत होते. त्याची गाडी वळणातून झटकन फिरून बाहेर पडायची, आपली जराशी रुंद जायची. प्रत्येक वळणाला हातभर अंतर. माझ्या डोक्यात शिरलं की मागे घट्ट तेल भरलं तर आपलीही तशीच फिरेल आणि तू जिंकशील. अंतिम फेरीतून पहिला एकच जण परदेशी जाणाऱ्या संघात जाणार होता. तुला तिथे बघायची मला इतकी घाई झाली होती, की तू काय म्हणाली होतीस ते मी ऐकूनही ऐकलं नाही.

तुम्ही परत येईपर्यंत मी मागचा डिफ उघडून तीन काढलं आणि दहा हजार भरलं. डब्यावरचा आकडा बदलला नाही. बाहेर तीन, आत दहा. तुला सांगावं असं एकदा मनात आलं. मग वाटलं, सांगितलं तर हिचं लक्ष त्यातच अडकेल. तू विचारलंस, "सगळं तसंच आहे ना?" मी म्हटलं, "हो, तसंच."

अंतिम फेरीआधी त्यांनी पाणी मारलं नाही. उन्हाने माती सुटी झाली, गाड्यांमागे धुरळा उडायला लागला. गाडीने ट्रॅकला पहिलीच फेरी मारली आणि मी ओळखलं की मागचं तेल चुकलं. बत्तीस वर्षं पातळ-घट्ट बघण्यात घालवलेल्या बाईला ते ओळखायला किती वेळ लागतो? पण गाडी पळत होती आणि मी खाली हात बांधून उभी होते. एकोणिसाव्या फेरीला ट्रॅकवरच्या पुलाच्या पुढच्या वळणावर तुझी गाडी फिरली. विसाव्याला तिथेच. तेविसाव्याला तिथेच, आणि उताणी पडली. तू नववी आलीस.

चालकांच्या मचाणावरून तू शिडीने उतरलीस. रिमोट छातीशी धरला होतास. म्हणालीस, "आई, माझे हात गेले."

मला एवढंच म्हणायचं होतं की हात नाही, तेल. तीन शब्द. पण बाजूला सेक्रेटरी होते, दोन-चार मेकॅनिक होते, आणि डिफ भरावा तर हिनेच, असं ते सगळे माझ्याबद्दल म्हणायचे. मी म्हटलं, "शेवटच्या क्षणी घाबरतेस तू. पहिल्यापासूनच आहे हे तुझं."

ते खोटं होतं, टिल्लू. तू पहिल्यापासून कधीच घाबरत नव्हतीस. पाच वर्षांची असताना बाबांच्या बसच्या टपावर चढली होतीस आणि उतरायला तयार नव्हतीस. मी त्या क्षणी स्वतःला वाचवायला तुझ्याबद्दल एक गोष्ट बनवली, आणि तुझी आई म्हणते म्हणून तू ती खरी मानलीस. नंतर तू रिमोट कपाटात ठेवलास, मग घर सोडलंस, मग फोनवर माझ्याशी बोलणं सोडलंस. मी मनाची समजूत घालत राहिले की पोरगी हट्टी आहे, होईल कधीतरी ठीक. दर वर्षी सांगणं आणखी अवघड होत गेलं आणि मी मूग गिळून बसले.

तुला वाटत आलं असेल की मला तुझी लाज वाटली. मला माझी लाज वाटत होती. तुझी आठवण आली नाही असा एक दिवस गेलेला नाही.

तुझ्या हातांत काहीही खोट नाही. परीक्षा द्यायची की नाही ते तू ठरव, पण माझ्या त्या वाक्यावरून ठरवू नकोस.

आई

१७ फेब्रुवारी

टिल्लू,

काल बाबांनी तुझा निरोप सांगितला. पत्र मिळालं, आणि तुझं म्हणणं असं की मी परीक्षेला बसावं म्हणून आई हे सगळं रचून लिहितेय, मला बरं वाटावं म्हणून दोष स्वतःवर घेतेय. बाबांनी हे सांगितलं तेव्हा मी एवढी चिडले की हातातला कप सिंकमध्ये आपटला. नऊ वर्षांपूर्वी खोटं बोलले ते तुला लगेच पटलं. आता जन्मात एकदा धड खरं बोलतेय तर मी प्रेमळ झाले म्हणे. मी इतकी प्रेमळ कधी होते, सांग बरं? तुला ताप असताना मी तुझ्याकडून पाढे म्हणून घेतले होते.

मग राग ओसरला आणि कळलं की चूक तुझी नाही. एकदा आकडा खोटा लिहिणाऱ्याच्या पुढच्या आकड्यावर कुणी का विश्वास ठेवावा?

बाबांनाही मी सगळं सांगितलं. त्यांनाही आजवर माहीत नव्हतं. दोन दिवस ते माझ्याशी बोलले नाहीत. कामावर जायचे, यायचे, वर्तमानपत्र धरून बसायचे, पान उलटायचे नाहीत. तिसऱ्या दिवशी बूट घालता घालता एवढंच म्हणाले, "दर रविवारी ती मला विचारायची, आई अजून रागावलीय का. मी म्हणायचो, नाही गं. मला काय माहीत, रागावायचं कुणी होतं." आणि गेले. मला तू हे विचारत होतीस हे ठाऊकच नव्हतं. 

रविवारी वर्गातही सांगितलं. थोरल्या जुळीला म्हटलं, तू विचारलं होतंस त्याचं उत्तर मी चुकीचं दिलं, मी बदललंय, माझ्याच मुलीच्या गाडीत, न सांगता. न्हावी आपला डबा पुसत राहिला. सेक्रेटरी त्या दिवशी शिडीपाशी होते, त्यांनी मान खाली घातली. मग धाकटी जुळी थोरलीला म्हणाली, "आपल्यात किती आहे आत्ता, खरं सांग." दोघी पहिल्यांदाच सरळ एकमेकींशी बोलल्या. थोडं भांडण झालं, पण ते असू दे.

आता तुझ्यापुरतं. पत्राबरोबर पार्सल पाठवतेय. त्या शर्यतीनंतर गाडी तशीच माळ्यावर पडून होती, तिचे डिफ कुणी उघडलेले नाहीत. हा त्यातला मागचा. मी बाहेरून फक्त धूळ पुसली आहे. एक थेंब गळालेला नाही, भरायचं काम माझं पक्कं असतं, दुसरं काय म्हणू. डब्यावर माझ्या अक्षरात तीन लिहिलेलं दिसेल. ते वाचू नकोस. तू दहा वर्षांची होतीस तेव्हापासून तुला बाटली न बघता, नुसता डिफ हातात घेऊन फिरवला की आतलं तेल सांगता यायचं. पाच आणि सातमधला फरक मला कपात मोजून कळायचा, तुला बोटांनी. म्हणून मी तुला पटवत बसत नाही. तू स्वतःच फिरवून बघ.

पत्राला उत्तर दे म्हणत नाही. फक्त फिरवून बघ.

आई

६ मार्च

आई,

पार्सल आलं. तीन दिवस मी ते टेबलावर ठेवून त्याच्या बाजूला जेवले. चौथ्या दिवशी कामावरून आल्या आल्या, बूटसुद्धा न काढता उघडलं.

डब्यावर तुझा तीन होता. मोठा गिअर डाव्या हातात धरला आणि उजव्या हाताने एक बाजू फिरवली. ती फिरेना. म्हणजे फिरली, पण जडशी, ढकलून. मला वाटलं, इतक्या वर्षांनी बोटं विसरली असतील. डोळे मिटून पुन्हा फिरवली. उलट बाजूने फिरवली. आई, ते तीन नव्हतं. कुणालाही विचारावं लागलं नाही, कपही लागला नाही. दहाच होतं.

मग मी इतकी रडले की शेजारीण दार वाजवून विचारून गेली. रडले ते तुझ्यावर चिडून. मी तुझ्यावर फार रागावलेय, आई. तेल बदललंस त्याचा राग नाही गं, जिंकायची घाई मलाही होती. शिडीखाली उभी राहून तू मला माझ्याबद्दल खोटं सांगितलंस, त्याचा आहे. तू म्हणतेस दर वर्षी अवघड होत गेलं. तुला अवघड गेलं, मला तर ते खरंच वाटत होतं. मी यार्डात छोट्या क्रेनवर बसून वरच्या मोठ्या क्रेनकडे बघायचे आणि मनात म्हणायचे, तिथे जायची आपली लायकी नाही. पाच वर्षं रोज. हे तुला कळायला हवं म्हणून लिहितेय.

आणि आता दुसरं ऐक. दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत मी धक्क्यावर बसून ती शर्यत पुन्हा मनात चालवत होते. सुटी माती, मागे दहा, आणि चालवणारीला ठाऊक नाही. कुठलीही गाडी तिसऱ्या-चौथ्या फेरीला फिरायला हवी. माझी एकोणिसाव्याला फिरली. त्याआधीच्या अठरा फेऱ्या मी दुसऱ्या नंबरावर होते. मला आठवतंय, पहिल्या वळणापासून मागची बाजू निसटत होती आणि मी जोर कमी करून, उलटं वळवून ती परत आणत होते. मला वाटायचं माझेच हात नीट चालत नाहीयेत. अठरा फेऱ्या, आणि प्रत्येक वळणावर. एवढ्या वेळा सावरली गं मी ती गाडी.

सत्तावीस तारखेला मी नाव दिलं. काल परीक्षा झाली. वर वारं होतं, मी कान झाकले होते. शेवटचा कंटेनर ट्रकवर ठेवताना तो झोके घ्यायला लागला आणि माझे हात थरथरले. मला वाटलं, आले ते हात. पण आता मला माहीत होतं की थरथरणारे हातसुद्धा सावरतात. मी थांबले, झोका संपू दिला आणि कंटेनर ठेवला. खालून पर्यवेक्षकांचा वायरलेसवर आवाज आला, झालं, उतर. मी लगेच उतरले नाही. तिथून समुद्र दिसतो. थोडा वेळ बघत बसले.

बाबांना सांग, घरात आता दोन परवाने आहेत.

तुझी सगळी पत्रं वाचलीत. सहा तारखेचं फाडलं. बाकीची ठेवलीत. माझ्याकडे इतक्यात येऊ नकोस, आणि फोनवर तुझा आवाज ऐकायला मला अजून काही दिवस दे. राग आहे तोवर आहे, तो मी ओढूनताणून संपवणार नाही. पण पत्र लिही. जुळ्यांचं काय झालं ते लिही, बाबांच्या त्या चौदा वळणांचं लिही, काय काय मोजलंस ते लिही. दर आठवड्याला लिही, आई. मी रोज पेटी उघडून बघते.

टिल्लू